मागे की मागाहून?

'मागे कळवलं होतं' हे झालेलं, 'मागाहून कळवतो' हे व्हायचं. एकाच 'मागे'तून भूतकाळ आणि भविष्य दोन्ही कसे निघतात, असा प्रश्न आहे.

पहिल्या वाक्यात काळाच्या वाटेवर आपण स्वतः चालतोय. तुडवलेली वाट पाठीशी, उरलेली डोळ्यांसमोर. म्हणून मागचा सोमवार गेलेला आणि पुढचा यायचा. दुसऱ्यात आपण बाजूला उभे आहोत आणि घटना दिंडीसारख्या ओळीने चालल्यात. पुढचा आधी पोचतो, मागचा नंतर. म्हणूनच पाठची बहीण धाकटी, अग्रज थोरला, आणि मृत्युलेखात 'त्यांच्या मागे पत्नी व दोन मुलगे असा परिवार आहे'. खूण सोपी: मोजणी 'आत्ता'पासून असेल तर मागे म्हणजे झालेलं, दुसऱ्या घटनेपासून किंवा माणसापासून असेल तर मागे म्हणजे नंतरचं.

'पूर्व'ही असाच. संस्कृतात त्याचा अर्थ समोरचा, आधीचा आणि पूर्वेचा. उगवतीकडे तोंड करून उभं राहा: पाठीशी पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. दक्षिण म्हणजे मुळात उजवाच. देव उजवीकडे ठेवून फिरायचं ती प्रदक्षिणा. (दख्खन हाही त्याच उजव्या हाताचा मुलूख.) हिब्रूतल्या 'केदेम'चेही समोर, पूर्व आणि प्राचीन काळ असे तिन्ही अर्थ होतात.

पण शरीर सारखं म्हणून चित्र सारखंच, असं मात्र नाही. दक्षिण अमेरिकेतल्या आयमारा भाषेत 'नायरा' म्हणजे डोळा, समोरची बाजू आणि भूतकाळसुद्धा. जुन्या गोष्टी सांगताना तिथली वयस्क माणसं हात पुढे करतात. झालेलं दिसलेलं असतं, यायचं दिसत नाही. तर्क बिनतोड आहे.

घोळ होतो तो भाषांतरात. बुधवारची बैठक दोन दिवस 'फॉरवर्ड' केली, म्हणजे सोमवारी की शुक्रवारी? लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्स्कर यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विमानतळावर हे विचारलं होतं. नुकत्याच विमानातून उतरलेल्यांचा कल, कुणाला घ्यायला आलेल्यांपेक्षा, शुक्रवारकडे जास्त होता. प्रवास अजून अंगात होता. मराठीत 'पुढे ढकलली' म्हणजे नंतरच. तेव्हा 'फॉरवर्ड' दिसलं की लगेच 'पुढे' लिहू नका. आधी तारीख विचारा, आणि ती सोमवारची निघाली तर 'अलीकडे आणली' लिहा.