तीन एकर कपाशी आणि तीन तासांची विहीर

प्रश्न : हातकणंगले तालुक्यात माळाकडेला माझी तीन एकर मध्यम काळी जमीन आहे. पावसाळा संपला की विहिरीवरची मोटर दिवसाकाठी तीनच तास चालते. म्हणून ऊस सोडून कपाशी घ्यावी म्हणतो. पाटपाणी, तुषार की ठिबक? उसाच्या ठिबकच्या जुन्या नळ्या पडून आहेत. – एक वाचक

उत्तर : आधी विहिरीचा हिशेब मांडावा. दोनशे लिटरचे बॅरल मोटरीच्या पाण्याने चाळीस सेकंदांत भरले, तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तीन तासांत ५४ हजार लिटर पाणी मिळते. सऱ्यांतून ६ सेंटीमीटरची एक पाळी द्यायची तर एकरी सुमारे २ लाख ४० हजार लिटर लागतात. पाटात मुरणारे पाणी न धरताही तीन एकरांची फेरी पुरी व्हायला तेरा-चौदा दिवस जातात, आणि ऐन फुलोऱ्यात एवढा ताण बसला की पातेगळ होते, म्हणजे फुलांच्या कळ्या (पाते) गळतात. मोकाट भिजवणीचा तर विचारच नको.

ठिबकने, ऑक्टोबरच्या उन्हात रोज ४ मिलिमीटर पाणी धरले, तरी तीन एकरांना ४८ ते ४९ हजार लिटर लागतात. म्हणजे गणित बसते, पण जेमतेम. म्हणून नळ्या घरच्या असताना दुसरीकडे पाहू नये. मात्र त्या अंथरण्यापूर्वी तपासाव्यात. ताशी ४ लिटरच्या तोटीखाली भांडे ठेवले, तर सहा मिनिटांत ४०० मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. नळीच्या पहिल्या आणि शेवटच्या तोटीत मोठा फरक आढळला, तर क्षार साचले आहेत असे समजून आम्लप्रक्रिया (नळ्यांतून सौम्य आम्ल सोडून क्षार काढणे) करून घ्यावी.

ज्या पट्ट्यात नळ्या पुरणार नाहीत, तेथे एक आड सरी भिजवावी आणि पुढच्या पाळीला कोरडी राहिलेली सरी घ्यावी. काळ्या जमिनीत ओल आडवी पसरत असल्याने दोन्ही बाजूंच्या ओळींना ती पोचते आणि पाण्यात साधारण पाव हिश्श्याची बचत होते. तुषार उगवणीपुरता ठीक. पुढे फुले भिजतात, फवारलेले औषध धुऊन जाते आणि उमललेला कापूस डागाळतो.

सुरुवातीला पाणी हात राखून द्यावे, नाहीतर झाड नुसते माजते. खरी गरज पाते लागण्यापासून बोंडे भरेपर्यंत असते. त्या काळात पाळी चुकवू नये. इचलकरंजी जवळ आहे म्हणून विक्रीची चिंता नाही असे मात्र मानू नये. तेथले माग सुतावर चालतात, सरकीसकट कापूस घेतो तो सरकी वेगळी काढणारा जिनिंगवालाच. तेव्हा लावणीआधीच गिऱ्हाईक पाहून ठेवावे.

बरीचशी बोंडे फुटली की पाणी तोडावे आणि डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे. विहिरीत पाणी उरले म्हणून फरदड घेतली, म्हणजे जुनेच पीक पाणी देऊन पुढे राखले, तर गुलाबी बोंडअळीला आयते खाद्य मिळते.