मुलाचे डोळे मिचकावणे ही फिट आहे की टिक, हे कसे ओळखावे?

आपला सात वर्षांचा मुलगा सारखे डोळे मिचकावतो, मान झटकतो, तर ही मिरगी असेल का आणि लगेच ईईजी (मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख) काढावा का, असे आपण विचारले आहे. मी ईईजी काढणारा तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नव्हे. निदान मुलांच्या मेंदूविकारांचे तज्ज्ञच करतील. परंतु त्यांच्याकडे जाण्याआधी घरी काय पाहून ठेवावे, ते सांगतो.

सर्वांत आधी मुलाचे भान पाहावे. टिक म्हणजे पुन्हा पुन्हा होणारी, सवयीसारखी वाटणारी छोटी हालचाल किंवा आवाज. टिक असलेले मूल मान झटकतानाही आपल्याशी बोलत असते, विचारल्यास उत्तर देते, थोडा वेळ ती हालचाल रोखूनही धरू शकते, आणि जरा मोठे असेल तर ‘मानेत कसंतरी होतं, झटकल्यावर बरं वाटतं’ असे स्वतःच सांगते. काही आठवडे डोळे, मग खांदा, मग घसा खाकरणे, असे तिचे रूपही बदलत राहते. फिट अशी रोखता येत नाही आणि बहुधा दर वेळी त्याच प्रकारे येते.

फसगत होते ती ॲब्सेन्स प्रकारच्या फिटमध्ये, कारण तिच्यातही पापण्या फडफडतात. मात्र मूल बोलता बोलता मध्येच थांबते, काही सेकंद नजर शून्यात लागते, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि मग काही झालेच नाही अशा थाटात पुढे बोलू लागते. आमच्याकडे डोक्याला वायरी चिकटवल्यावर अशा मुलांना कागदी भिरभिऱ्यावर तीन मिनिटे जोरजोरात फुंकर मारायला लावतात; ॲब्सेन्स असेल तर बहुतेकदा फुंकर मध्येच थांबते आणि त्याच क्षणी पडद्यावर सेकंदाला साधारण तीन या गतीने उंच लाटा उमटू लागतात. हा प्रयोग घरी करू नये.

झोपेत तोंड एका बाजूला ओढले जाऊन लाळ गळत असेल, किंवा किशोरवयीन मुलाच्या हाताला सकाळी उठल्या उठल्या झटका बसून कप निसटत असेल, तर ती टिक म्हणून सोडून देऊ नये.

लक्षणे स्पष्टपणे टिकची असतील तर ईईजीची सहसा गरज नसते. मिरगी नसलेल्या काही मुलांच्या ईईजीतही दोष दिसतो आणि मिरगी असलेल्या मुलाचा एखादा ईईजी नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर मिरगीच्या गोळ्या सुरू होणे मला धोक्याचे वाटते. त्यापेक्षा मोबाइलवर चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा व्हिडिओ घ्यावा, चित्रण चालू असतानाच मुलाला नावाने हाक मारावी, आणि ‘चाळे बंद कर’ म्हणून त्याला रागावू नये, कारण ताणाने टिक वाढते.