वाचकांचे प्रश्न : बेटावर तंबू आणि न आलेली बोट

प्रश्न : आम्ही चौघं जानेवारीत अंदमानातल्या लाँग आयलंडला तीन रात्री तंबूत राहायचं म्हणतोय. पाणी किती न्यावं? (जुळे सोलापूर)

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा. चौघांचे तीन दिवसांचे ४८ लिटर झाले, पण हिशोब तिथे संपत नाही. हवा बिघडली की बोट रद्द होते आणि पुढची कधी सुटेल ते कुणी छातीठोक सांगत नाही. म्हणून दोन दिवसांचे ३२ लिटर वर धरा, एकूण ८०. त्यासाठी २० लिटरचे चार कॅन नेण्यापेक्षा १० लिटरचे आठ न्या. भरलेला मोठा कॅन भुसभुशीत वाळूत पाय रुतवतो, आणि एखादा गळला तर पाव पाणी जातं. छोटा गळला तर आठवा हिस्सा. जेट्टीजवळ वस्ती आहे, तिथेच भरून घ्या. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून फक्त शेवटचा हात गोड्या पाण्याचा मारा.

परतीचं विमान बोटीच्याच दिवशी काढू नका, दोन दिवस मोकळे ठेवा. किनाऱ्यावर मुक्कामाआधी वनखात्याची परवानगी घ्या आणि चूल पेटवता येते का, ते तेव्हाच विचारा. स्टोव्हचं गॅसचं नळकांडं विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही.

प्रश्न : वाळूत तंबूच्या खुंट्या उपटून येतात. उपाय काय? (पंढरपूर)

तंबूसोबत मिळणाऱ्या वीतभर खुंट्या काळ्या रानात ठीक, कोरड्या वाळूत त्यांना धरायला काही नसतं. खुंटी ठोकायची नाही, पुरायची. हातभर लांबीचं, मनगटाएवढं जाड लाकूड घ्या, मधोमध दोरी बांधा. दोरीच्या ओढीला आडवा असा दीड फूट खोल चर खणा, त्यात लाकूड आडवं ठेवा, वर ओली वाळू टाकून पायाने दाबा. दोरी बाहेर यायला चराच्या भिंतीत तिरपी खाच ठेवा. ती सरळ वर आली तर लाकूडही वर येतं. लाकूड नसेल तर पिशवीत वाळू भरून पुरा. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, झोपण्यापूर्वी पुन्हा ताणा.

जागा निवडताना किनाऱ्यावर वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची रेघ शोधा. भरती तिथवर येऊन गेलेली असते, आणि पुनवेला-अवसेला त्याही वर येऊ शकते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित अंदमानात लागू पडत नाही, तिथलंच भरतीचं वेळापत्रक बघा. नारळाखाली तंबू नको. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ तर मुळीच नको, तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. आणि जानेवारीत अंदमानात सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सोलापूरच्या सवयीने चहा घेऊन सहाला तंबू उघडाल तर चर अंधारात खणावे लागतील.

प्रश्न : घरची चादर पुरेल, की स्लीपिंग बॅग घ्यावी? (बाळे)

थंडीचा प्रश्नच नाही, दमटपणाचा आहे. सोलापुरी चादर जाड सुती विणीची, पाणी पिते आणि सोडत नाही. त्यात खारं पाणी लागलं तर धाग्यात मीठ बसतं, ते हवेतला ओलावा ओढत राहतं. दिवसभर उन्हात टाकली तरी रात्री हाताला चिकट लागते. गोड्या पाण्यात खळबळल्याशिवाय ती नीट वाळत नाही, आणि गोडं पाणी तर मोजून आणलेलं. तेव्हा चादर एकच न्या, तंबूच्या आत ठेवा, किनाऱ्यावर पसरू नका. खाली फोमची चटई, अंगावर पातळ कापड एवढं बास.

साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून सँडफ्लाय, म्हणजे चावणाऱ्या बारीक माश्या, आत येतात. बारीक जाळीचा तंबू घ्या, पहाटे आणि तिन्हीसांजेला अंगभर कपडे घाला.

प्रश्न : पाच दिवस टिकेल असं काय न्यावं? (बार्शी)

तुमच्याकडे आहेच : कडक भाकरी आणि शेंगाचटणी. फक्त सोलापूरच्या कोरड्या हवेत महिनाभर टिकणारी भाकरी समुद्रावर सादळते, मग बुरशी धरते. दोन-दोन दिवसांच्या भाकरी वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. एक डबा संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. धपाटे पहिल्या दिवशीच संपवा. डबे प्लॅस्टिकच्या पिशवीत जमिनीवर ठेवलेत तर उंदीर पिशवी कुरतडतात आणि शंखातले खेकडेही गोळा होतात. दोरीने फांदीला टांगा.

प्रश्न : आधी सराव म्हणून उजनीच्या एखाद्या बेटावर रात्र काढली तर? (करमाळा)

नको. उजनीतली बेटं म्हणजे पाणी उतरल्यावर उघडी पडलेली जमीन, पाणीसाठा वाढला की ती पुन्हा खाली जाते. वाराही फसवतो. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी बोट वादळात उलटून सहा जण बुडाले. सराव वाळूचा करायचा असेल तर पंढरपूरच्या वाळवंटात दिवसाउजेडी करा. त्या दिवशी धरणातून विसर्ग नाही ना, हे आधी विचारून घ्या. चर खणून, दोरी बांधून दोघांनी जोर लावून ओढा. लाकूड हललं नाही तर तंबू वाऱ्याला टिकेल.