ठोकळ्यांचे रॉकेट स्वतः रचताना प्रमाण व्यासावरून ठरवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लेगो ठोकळ्यांचा, माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचा तयार संच बांधून झाला आहे, आता स्वतःच्या आराखड्याने, शक्यतो त्याच प्रमाणात, दुसरे एखादे रॉकेट रचायचे आहे. त्यासाठी कोणते रॉकेट निवडावे, गोलाई कशी साधावी आणि सुटे भाग केव्हा मागवावेत? तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्यांची गाठ रॉकेटच्या व्यासाशी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नवीन माणूस बहुधा आधी उंची ठरवतो, कारण डोळ्यांत भरते ती उंची. परंतु उंचीच्या दिशेने या ठोकळ्यांत भरपूर मोकळीक असते: एक ब्रिक (पूर्ण उंचीचा ठोकळा) ९.६ मिलिमीटर उंच, एक प्लेट (चपटा ठोकळा) ३.२ मिलिमीटर, त्यामुळे कोणतीही लांबी दोन मिलिमीटरच्या आत जमवता येते. रुंदीच्या दिशेने मात्र एका स्टडपासून (ठोकळ्याच्या माथ्यावरच्या गोल उंचवट्यापासून) पुढच्या स्टडपर्यंत ८ मिलिमीटरचे अंतर असते, आणि बारीक रॉकेटच्या बाबतीत एक स्टड इकडचा तिकडे झाला तरी मूळ रॉकेटची ठेवण हरवते. म्हणून ज्या प्रमाणात रॉकेटचे सर्व व्यास पूर्ण स्टडांच्या जवळपास येतात, ते प्रमाण त्या रॉकेटसाठी योग्य; उंची त्यामागोमाग आपोआप येते.

तुमच्याकडचा संच २०१७ साली आला. त्यात १९६९ भाग आहेत (चांद्रविजयाचे वर्ष भागांच्या संख्येत यावे, ही कल्पना मला आजही मनापासून आवडते), उंची सुमारे एक मीटर आणि प्रमाण साधारण १:११०. मूळ सॅटर्न-५ हे ११०.६ मीटर उंच होते, खालच्या दोन टप्प्यांचा व्यास १०.१ मीटर आणि तिसऱ्याचा ६.६ मीटर. १:११० ने हे आकडे सुमारे ९२ आणि ६० मिलिमीटर होतात, म्हणजे जवळजवळ साडेअकरा आणि साडेसात स्टड. मोठ्या रॉकेटमध्ये अर्ध्या स्टडचा फरक पचून जातो. लहानात तो पचत नाही.

आता हेच प्रमाण इतर रॉकेटांना लावून पाहा. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ चा व्यास ३.७ मीटर आणि शेंड्यावरच्या कवचाचा ५.२ मीटर आहे. १:११० ने ते ३३.६ आणि ४७.३ मिलिमीटर भरतात, तर चार स्टड म्हणजे ३२ आणि सहा स्टड म्हणजे ४८. याहून चांगला मेळ शोधून मिळणे कठीण. ७० मीटरची उंची ६३-६४ सेंटिमीटरवर येते, म्हणजे सुमारे ६६ ब्रिक. सॅटर्नच्या शेजारी त्याच प्रमाणात उभे करायचे असेल, तर पहिले स्वतंत्र काम म्हणून मी निःसंकोचपणे फाल्कन-९ सुचवेन. चार स्टडचा गोल बनवण्यासाठी वेगळी युक्तीही लागत नाही, कारण २×२ मापाचे चतुर्थांश गोल ब्रिक चार जोडले की ४×४ चे पूर्ण वर्तुळ तयार होते.

त्याच्या तळाशी मात्र थोडा विचार करावा लागेल. आजच्या फाल्कन-९ मध्ये नऊ इंजिनांपैकी एक मध्यभागी आणि आठ त्याभोवती वर्तुळात असतात, ठोकळ्यांची जाळी मात्र चौकोनी असते. २०१० साली उडालेल्या पहिल्या आवृत्तीत हीच नऊ इंजिने तीन-तीनच्या तीन रांगांत चौकोनी मांडलेली होती आणि वर्तुळाकार मांडणी २०१३ च्या आवृत्तीपासून आली. म्हणजे जंपर प्लेटने (मध्यभागी एकच स्टड असलेल्या प्लेटने) अर्धा स्टड सरकवून ३×३ मांडणी केली, तर ती पहिल्या आवृत्तीशी तंतोतंत जुळते. पण ते रॉकेट सुमारे ४८ मीटरच उंच होते आणि त्याला उतरण्याचे पाय नव्हते. खाली जुनी मांडणी, वर नवी लांबी आणि बाजूला पाय असे मिश्रण करू नये. कोणत्या उड्डाणाचे रॉकेट आपण रचत आहोत, हे पहिला ठोकळा लावण्यापूर्वी लिहून ठेवावे.

इस्रोचे एलव्हीएम-३ करायची अनेकांची इच्छा असते, विशेषतः त्याने १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ नेले तेव्हापासून. त्याच्या मधल्या भागाचा व्यास ४ मीटर, दोन्ही बाजूंच्या घन इंधनाच्या एस-२०० बूस्टरांचा ३.२ मीटर आणि वरच्या कवचाचा ५ मीटर आहे. १:११० ने ते साडेचार, ३.६ आणि ५.७ स्टड होतात; पूर्णांकात आणताना मधला भाग आणि बूस्टर दोन्ही चारच स्टडचे होण्याची भीती असते, आणि तसे झाले की त्या रॉकेटचा धिप्पाडपणाच नाहीसा होतो. १:१०० घेतले तर तेच व्यास ४०, ३२ आणि ५० मिलिमीटर, म्हणजे नेमके पाच स्टड, नेमके चार स्टड आणि सहाहून किंचित जास्त असे येतात. ४३.५ मीटरचे रॉकेट साडेत्रेचाळीस सेंटिमीटरचे होते. सॅटर्नच्या प्रमाणाशी ते दहा टक्के विसंगत राहील. मला विचाराल तर ही विसंगती पत्करावी, कारण शेल्फवरच्या दोन रॉकेटांच्या तुलनेपेक्षा एका रॉकेटच्या स्वतःच्या अंगांतील प्रमाण अधिक महत्त्वाचे आहे.

गोलाईविषयी तुम्ही विचारले आहे, आणि या छंदाचा खरा आनंद मला तिथेच वाटतो. मोठ्या व्यासाचे नळकांडे थरावर थर चढवून गोल होत नाही. आत चौकोनी गाभा उभारायचा, त्याच्या चारही बाजूंना स्टड बाहेर तोंड करून ठेवायचे आणि त्यांवर वक्र स्लोपांची (उतरत्या पृष्ठभागाच्या ठोकळ्यांची) आडवी तावदाने बसवायची. हे जमते याचे कारण एका साध्या गणितात आहे: पाच प्लेटांची जाडी १६ मिलिमीटर आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिलिमीटर. बारा स्टडचे, म्हणजे ९६ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे हवे असेल, तर आठ स्टडचा चौकोनी गाभा घ्यावा. त्याची बाजू ६४ मिलिमीटर आणि कर्ण साडेनव्वद, त्यामुळे कोपरे वर्तुळाबाहेर डोकावत नाहीत. आणि प्रत्येक बाजूला मध्यभागी उरतात बरोबर १६ मिलिमीटर, म्हणजे पाच प्लेटांची जागा.

एलव्हीएम-३ च्या पाच स्टडच्या मधल्या भागात हे गणित थोडे अडते. तीन स्टडचा गाभा २४ मिलिमीटर, हवा असलेला व्यास ४०, म्हणजे प्रत्येक बाजूला ८ मिलिमीटर. आणि ८ मिलिमीटर म्हणजे अडीच प्लेटा. अर्धी प्लेट कुठून आणायची? येथे ब्रॅकेट (काटकोनात वळलेला भाग) कामी येतो, कारण त्याच्या उभ्या पट्टीची जाडी १.६ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या प्लेटएवढीच असते. ब्रॅकेटची पट्टी आणि तिच्यावर दोन प्लेटांच्या जाडीचे तावदान मिळून बरोबर ८ मिलिमीटर होतात. असा हिशेब कागदावर जुळला की पुढचे काम जवळजवळ स्वतःहून उलगडत जाते.

निमुळत्या रॉकेटांच्या वाटेला मात्र सुरुवातीलाच जाऊ नये. रशियाच्या सोयुझचे चार बाजूचे बूस्टर वर निमुळते होत जाऊन मधल्या भागाला टेकतात. प्रत्येक बूस्टरला बिजागरीच्या भागांवर कलते ठेवावे लागते आणि फटी झाकण्यातच बराच वेळ जातो. सोव्हिएत एन-१ तर बहुतांशी शंकूच आहे, आणि तळाच्या तीस इंजिनांपैकी चोवीस बाहेरच्या कड्यात व सहा आत. ही दोन्ही रॉकेटे फार देखणी आहेत, पण सरळ नळकांडे हाताखालून गेल्यावरच ती घ्यावीत.

बळकटीसाठी एवढेच सांगतो की, प्रत्येक टप्पा स्वतंत्र उचलता यावा असा बांधावा आणि दोन टप्प्यांमधला जोड मोजक्याच स्टडांवर ठेवावा. टप्पे वेगळे होणे हे बहुटप्पी रॉकेटचे मुख्य काम आहे, आणि जे मॉडेल टप्प्याटप्प्याने सुटत नाही ते मला अपुरे वाटते. आतल्या गाभ्याचे सांधे मात्र एकाच पातळीवर येऊ देऊ नयेत. लांब ब्रिक आणि प्लेटा आडव्या-उभ्या फिरवून सांधे मोडत न्यावेत. पूर्ण रॉकेट हलवताना एक हात नेहमी तळाखाली असावा.

सुटे भाग मागवण्याची घाई करू नये. ब्रिकलिंक या सुट्या भागांच्या ऑनलाइन बाजारपेठेचे स्टुडिओ हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. त्यात संपूर्ण आराखडा करून भागांची यादी काढावी आणि मग प्रत्येक भाग हव्या त्या रंगात खरोखर निघाला आहे का, ते तपासावे. पडद्यावर कोणताही भाग कोणत्याही रंगात रंगवता येतो, प्रत्यक्षात तसे नसते, आणि दुर्मीळ रंगातला एखादा स्लोप उरलेल्या सगळ्या भागांहून महाग पडू शकतो. शिवाय पडद्यावर भार हाताला जाणवत नाही. म्हणून सगळ्यांत जास्त भार घेणारा एक तुकडा हाताशी असलेल्या कोणत्याही रंगाच्या ठोकळ्यांत आधी बांधून पाहावा. जुने ठोकळे वापरणार असाल तर राखाडी रंग वेगळे निवडून ठेवा, कारण २००४ च्या सुमारास लेगोने राखाडी छटा बदलून निळसर केली आणि दोन्ही छटा शेजारी आल्या की ठिगळ लावल्यासारखे दिसते.

रंगांसाठी प्रत्यक्ष उड्डाणाची छायाचित्रेच पाहावीत, दुसऱ्याचे मॉडेल पाहू नये. मे १९६६ मध्ये प्रक्षेपणमंचावर नेलेले सॅटर्नचे ५००-एफ हे केवळ जुळवणीच्या सरावासाठी होते, ते कधीच उडाले नाही. त्याचे काळे-पांढरे पट्टे नंतर उडालेल्या रॉकेटांहून वेगळे होते, तरीही अनेक मॉडेलांत तेच पट्टे उतरले आहेत. स्पेस शटलच्या बाहेरील टाकीचेही तसेच: १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत ती पांढरी होती, तिसऱ्यापासून रंग वगळून वजन वाचवले गेले आणि तिचा ओळखीचा नारिंगी रंग दिसू लागला. फाल्कन-९ तुम्ही परत उतरलेल्या स्थितीत दाखवणार असाल, तर पहिल्या टप्प्याचा खालचा, केरोसीनच्या टाकीचा भाग काजळलेला आणि वरचा, द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीचा भाग बराच स्वच्छ ठेवा. अतिथंड ऑक्सिजनमुळे त्या टाकीवर बाहेरून हिमाचा थर असतो आणि काजळी तिथे नीट धरत नाही. दोन्ही टाक्यांची सीमा त्यामुळे छायाचित्रांत स्पष्ट दिसते. ती रेषा कितव्या ब्रिकवर येते हे मोजून घ्या आणि तिच्याखाली पांढऱ्याऐवजी फिकट व गडद राखाडी तावदाने मिसळून लावा.