ग्रुपमधले सगळे मेंबर उडाले, आता अ‍ॅडमिनची लाइन सोडू का?

तुझं पत्र वाचलं. थोडक्यात असं की तू सांगलीहून बीएस्सी कॉम्प्युटर करून पुण्यात ज्युनियर सिस्टीम अ‍ॅडमिन म्हणून लागलीस, दिवसभर टर्मिनलवर एलडॅपमधल्या, म्हणजे कंपनीतल्या लोकांच्या आणि त्यांच्या लॉगिनच्या सामाईक यादीतल्या, नोंदी बदलायच्या, कुणाचा फोन नंबर, कुणाचं डिपार्टमेंट, कुणाला ग्रुपमध्ये घ्यायचं, आणि मागच्या महिन्यात व्हीपीएनच्या (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कवर यायची वाट) ग्रुपमध्ये एक माणूस वाढवायला गेलीस तर बाकीचे सगळे उडाले, लोकांचे लॉगिन बंद पडले, सिनियर सगळ्यांसमोर बोलले. आता पप्पा म्हणतायत सोड ते, जावाचा क्लास लाव, फी मी भरतो. आणि तुझा प्रश्न असा की ही नुसती डेटा एन्ट्री आहे आणि तीही मला जमत नाही, मग थांबू कशाला.

थांब. निदान वर्षभर तरी थांब. मी मार्गदर्शनात यायच्या आधी बरीच वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

आधी त्या ग्रुपचं बघू. तू एलडिफ फाइलमध्ये, म्हणजे बदल लिहायच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, चेंजटाइप मॉडिफाय (असलेली नोंद बदल) लिहिलंस, ते बरोबर, पण त्याखाली रिप्लेस मेंबर लिहून एकाच माणसाचा डीएन, म्हणजे त्याच्या नोंदीचा पूर्ण पत्ता, दिलास. हजेरीपटात एक नाव वाढवायचं सोडून जुना पट फाडून एकाच नावाचा नवा पट लावावा तसं झालं. तिथे अ‍ॅड मेंबर हवं होतं, बस एवढंच. फोन नंबर बदलताना रिप्लेस चालून जातं कारण बहुतेकांचा एकच नंबर असतो, आणि तोच हात ग्रुपवरही चालला. पासवर्ड चुकला तर सर्व्हर ४९ नंबरचा एरर देतो, डीएन चुकला तर ३२, म्हणजे निदान ओरडतो तरी. ही चूक मात्र त्याच्या दृष्टीने चूकच नव्हती, त्याने सांगितलं ते केलं आणि गप्प बसला. ही फाइल चालवणाऱ्या एलडॅपमॉडिफाय कमांडला डॅश एन देऊन आधी कोरडी रन, म्हणजे काही न बदलता नुसती चाचणी, घेतली असतीस तरी काही कळलं नसतं.

असंच डिलीटचं. डिलीट मेल लिहिलं आणि खाली कुठला मेल ते द्यायचं राहिलं तर त्या माणसाचे सगळे मेल पत्ते जातात. मेंबरच्या बाबतीत ग्रुप ग्रुपऑफनेम्स प्रकारचा असेल तर ओपनएलडॅप हा सर्व्हर ६५ चा एरर देऊन अडवतं कारण त्या ग्रुपमध्ये एक तरी मेंबर असावाच लागतो, पण मेलला कुणी अडवणार नाही.

आता बघ, हे सगळं डोक्यात ठेवून काम करणं याला डेटा एन्ट्री म्हणायचं का? मला नाही वाटत. एका नोंदीवर लोकांचं लॉगिन, मेल, व्हीपीएन सगळं टांगलेलं असतं. डेटा एन्ट्री ते तेव्हा होतं जेव्हा फाइल नीट न वाचता चालवली जाते, आणि पत्रावरून मला वाटतं तू सध्या तेच करतेस.

म्हणून सवय बदल. कुठलाही बदल करायच्या आधी एलडॅपसर्च या शोधायच्या कमांडने ती नोंद काढून फाइलमध्ये ठेव, मग गडबड झाली तरी परत लावायला जुनं हातात असतं, सिनियरने बॅकअप शोधेपर्यंत वाट बघावी लागत नाही. बदल केल्यावर परत सर्च आणि दोन्ही फाइलींचा डिफ, म्हणजे कुठे फरक पडला ते. पासवर्ड कमांडमध्ये लहान डब्ल्यूने लिहू नकोस, तो हिस्ट्रीत राहतो, कॅपिटल डब्ल्यू दे म्हणजे तो विचारून घेतो. आणि एका नोंदीतले बदल झाले तर सगळे होतात नाहीतर एकही नाही, पण फाइलमध्ये पन्नास नोंदी असतील आणि तिसावी अडकली तर आधीच्या एकोणतीस बदललेल्याच राहतात, हे विसरू नकोस. ज्यांना फाइल लिहायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी एलडॅपव्हीआय आहे, नोंदी सरळ एडिटरमध्ये उघडतात, सेव्ह केलं की काय बदललं ते मोजून विचारतं आणि मगच पाठवतं. पण तू आत्ता एलडिफ हातानेच लिही.

तू असंही लिहिलंयस की देवनागरीत नाव टाकलं तर परत काढताना भलतीच अक्षरं येतात, डेटा खराब झाला का. नाही गं, एलडिफमध्ये साध्या आस्कीबाहेरचं, म्हणजे इंग्रजी अक्षरं-चिन्हांपलीकडचं, काही आलं की ते बेस चौसष्ट या सांकेतिक रूपात लिहितात आणि एका कोलनच्या जागी दोन कोलन येतात. दोन कोलन दिसले की समजायचं, नाव आत शाबूत आहे.

जावाबद्दल. जावा वाईट नाही, पण एका चुकीला घाबरून लाइन बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एलडॅप १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात उभं राहिलं, विंडोज २००० बरोबर आलेली मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीसुद्धा हीच भाषा बोलते, आणि कुठल्याही मोठ्या बँकेत कुणाला कशाचा अ‍ॅक्सेस हे बघणारी वेगळी टीम असते, आयडेंटिटी अँड अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट. तू त्याच रस्त्याच्या सुरुवातीला आहेस. पप्पांना फी भरायचीच असेल तर रेड हॅटच्या आरएचसीएसए या लिनक्स अ‍ॅडमिनच्या परीक्षेची भरू दे, ती परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर काम करून द्यायची असते, पाठ करून चालत नाही. आणि थोडं पायथन, म्हणजे रोज येणारे तेच ते बदल स्क्रिप्टने होतील.

घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन घेऊन ओपनएलडॅप टाक, खोटे कर्मचारी भर आणि तो ग्रुप मुद्दाम उडव, मग स्लॅपकॅटने (सगळ्या नोंदी फाइलमध्ये उतरवणारी कमांड) आधी काढून ठेवलेल्या फाइलमधून परत उभा कर. हे हाताला बसलं की सिनियरकडे जाऊन सांग, ग्रुपचे बदल यापुढे आधीची नोंद काढून ठेवूनच करणार, आणि माझी एलडिफ चालवायच्या आधी सुरुवातीला तुम्ही एकदा बघाल का. बोलले असतील सगळ्यांसमोर, ते चुकलंच त्यांचं, पण असं विचारणाऱ्या मुलीला शिकवायला नाही म्हणणारे सिनियर मी फार कमी बघितलेत.