समुद्राची कॅप्सूल आणि भिंतीकडे वळलेले काका

"श्वासाच्या पंपाची सवय लागते म्हणतात. त्यापेक्षा समुद्री शेवाळाची कॅप्सूल काय वाईट?" सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लावणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, पेशंटच्या घरचे हे इतक्यांदा विचारतात की एकदा सविस्तर लिहावंच.

बडोद्याच्या दांडिया बाजारातले सत्तरीचे काका डबी खिशात घेऊनच आले. तपकिरी शेवाळातलं फ्युकॉइडन. "फुप्फुस नवं होतं म्हणे."

उंदरांवरच्या प्रयोगांत ते फुप्फुसाची सूज उतरवताना दिसलंय, पण सीओपीडीचं मान्यताप्राप्त औषध ते नाही. समुद्रातून औषधं येतात, हे मात्र खरं. २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लर्बिनेक्टेडिन तसलंच, पण ते फुप्फुसाच्या एका कॅन्सरवरचं. लोक दोन्ही आजार एकाच माळेत ओवतात. शिवाय केल्प या तपकिरी शेवाळाच्या काही जातींच्या एका ग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असतं, मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५०. थायरॉइड बिघडू शकतो. काकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू, आणि फ्युकॉइडनचाही कल तिकडेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडायची नाही, एवढं ठरलं.

मग म्हटलं, "काका, पंप घेऊन दाखवा."

ते भिंतीकडे वळले. पावडरच्या पंपातच फुंकर मारली, घाईघाईनं एक घोट ओढला, संपलं.

"भिंतीकडे का?"

बराच वेळ गप्प. मग, "नातवासमोर नको वाटतं हो. दमेकरी आजोबा."

खरी गाठ इथे होती, आणि ती डबीवरच्या वादातून कधीच सुटली नसती. लाजेनं डोस अर्धवट, म्हणून आराम नाही, म्हणून 'पंप लागू पडत नाही', म्हणून शेवाळ! लक्षणापेक्षा लाज आधी ऐकावी, असं माझं मत उगाच नाही.

फुंकरीच्या ओलाव्यानं पावडर आतच चिकटते. म्हणून श्वास पंपाबाहेर पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, जोरात आणि खोल ओढायचं, दहा आकडे रोखायचं. पंपातल्या कॅप्सूलमध्ये पावडर उरली तर पुन्हा ओढायचं. (स्प्रेच्या पंपाचं उलट: दाबता दाबता सावकाश ओढायचं. ही गल्लत फार होते.) स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

तिसऱ्या खेपेला नातू सोबत आला. आकडे आता तोच मोजतो. कमाटी बागेत काका दुसऱ्या बाकाऐवजी चौथ्या बाकावर टेकतात. चूळ अजून विसरतात.