ताम्हिणीत दिसलेला बेडूक नव्या प्रजातीचा आहे का, हे कसं ठरवतात?

तुम्ही लिहिलंय की ताम्हिणीत रात्री करवंदीच्या जाळीवर नखाएवढा पिवळा बेडूक दिसला, पुस्तकातल्या एकाही फोटोशी जुळत नाही, मग तो नवीन असेल का? असू शकेल. पण रंगावरून म्हणत असाल तर रंग आधी डोक्यातून काढा.

मी यात तोंडघशी पडलोय. एमएस्सीला असताना असाच एक विटकरी, पाठीवर पांढरट पट्टा असलेला बेडूक दिसला. पौड येईपर्यंत मनातल्या मनात त्याचं बारसंही उरकलं होतं. सरांनी फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, "ओरडत होता का?" मला आठवेना. पुढच्या शनिवारी त्यांच्यासोबत परत गेलो. एकाच झुडपावर तीन नर, तिघांचे रंग तीन, आणि आवाज मात्र हुबेहूब एक: टिक्-टिक्-टिक्. तिघंही जुन्याच, माहीत असलेल्या प्रजातीचे.

नर ओरडतो तो आपल्याच जातीच्या मादीसाठी. म्हणून दिसायला जुळे वाटणारे बेडूक आवाजात वेगळे निघू शकतात. रेकॉर्डिंगसोबत हवेचं तापमानही लिहावं लागतं, कारण गारठ्यात तोच बेडूक सावकाश ओरडतो. २०१७ साली केरळ-तमिळनाडूच्या घाटातून निक्टिबॅट्रॅकस या रातबेडकांच्या गटातल्या सात नव्या प्रजाती एकदम जाहीर झाल्या. त्यातले काही अंगठ्याच्या नखावर मावतील एवढे, आणि आवाज किड्यासारखा. इतकी वर्षं लोक शेजारून चालत गेले असणार.

मग मापं. व्हर्नियर कॅलिपर घेऊन नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, कानाचा पडदा, बोटांची टोकं, बोटांमधली कातडी. एका बेडकावर भागत नाही, नर-माद्या मिळून बरेच लागतात. ऊतीचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए काढतात. बेडकांत बहुतेक वेळा १६एस हे जनुक बघतात. त्यात माहीत असलेल्या प्रजातींपेक्षा तीनेक टक्के फरक दिसला की संशोधक कान टवकारतात. तेवढ्यावर कुणी नाव मात्र देत नाही.

खरा वेळ खातात ती जुनी नावं. तुमचा बेडूक नवीन म्हणायचा तर त्याच्या सगळ्या भाऊबंदांशी तुलना हवी. एकोणिसाव्या शतकातली वर्णनं चार ओळींची, मूळ नमुना लंडनला नाहीतर कोलकात्याला बरणीत रंग उडून बसलेला, आणि ठिकाण म्हणून नुसतं 'मलबार'. मलबार म्हणजे नेमकं कुठलं? मग ज्या भागातून तो आला असेल तिथे जाऊन ताजे बेडूक शोधा. कित्येक 'नवे' बेडूक इथेच जुने ठरतात.

यातूनही टिकला तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत मूळ नमुना, म्हणून संग्रहालयात जातो आणि शोधनिबंधासोबत नाव जाहीर होतं. पुण्याच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये आंबोलीचा इंडिराना चिरावासी असाच नोंदवला. जांभ्याच्या भेगांत राहतो म्हणून चिरावासी. मला हे नाव फार आवडतं, लॅटिनच्या गर्दीत आपलं माणूस भेटल्यासारखं. त्याआधी २०१३ मध्ये एका झुडपी बेडकाला पुण्याच्या हेमंत घाटे सरांचं नाव मिळालं: राओर्केस्टेस घाटेई.

तुम्ही काय करायचं? बेडूक बाटलीत घालून आणू नका, त्याला वनखात्याची परवानगी लागते. ओडोमॉस लावलेल्या हातानं तर शिवूही नका, त्यांची कातडी सगळं शोषून घेते. पाऊस आहे तोवर त्याच जाळीपाशी परत जा, मोबाइलवर मिनिटभर आवाज घ्या, वेळ आणि जागा टिपून ठेवा. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे विचारता येईल. आणि फोटो नुसता पाठीचा नको. तुमच्या फोटोत मागचे पाय पानाआड गेलेत, बोटं दिसतील असा एखादा असेल तर इथे टाका.